मदत हवी आहे: एफडीआयचं चिन्ह उणे येतंय!!

तळेगावची_मैना: परकीय गुंतवणूक (एफडीआय) आली की देशी कारखान्यांची उत्पादकता वाढते, असं प्रबंधात दाखवायचंय. आकडेवारीचं मॉडेल तीनदा चालवलं, उत्तर उणेच, म्हणजे गुंतवणुकीनं उत्पादकता घटते असंच येतंय. परवा गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा!

भोसरीकर: कुठला उद्योग? कुठली वर्षं? आमच्या वर्कशॉपकडं जॉब येतो तेव्हा ड्रॉइंग तरी येतं.

तळेगावची_मैना: वाहन उद्योग. डेटा प्रोवेसचा, म्हणजे कंपन्यांच्या हिशेबांच्या डेटाबेसचा.

शांताराम_ठेवीवाले: एफडी मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळणारच.

आकडेमोड्या: ताई, उणे म्हणजे चूकच असं नाही. एटकेन-हॅरिसन या अर्थतज्ज्ञांना (1999) व्हेनेझुएलात हेच दिसलं. परकीय कंपनी गिऱ्हाईक पळवते. देशी कारखान्याचा खप घटतो, मशीनचा खर्च तेवढाच राहतो. एकाच उद्योगात न मोजता परकीय कंपन्यांचे देशी पुरवठादार बघा. यावोर्चिकना (2004) लिथुआनियात फायदा तिथं सापडला, तोही देशी-परकीय भागीदारीतल्या प्रकल्पांमुळे.

भोसरीकर: लिथुआनिया कशाला? 2010 ला एका परदेशी कंपनीच्या वेंडरचं काम घेतलं. पहिला लॉट परत, भोक चार शतांश मिलिमीटर मोठं. त्यांचा माणूस आठवडाभर मशीनपाशी उभा. टूल कधी बदललं, त्याची वही ठेवायला लावली. रिजेक्शन निम्म्यावर आलं. मग माझे दोन सेटर (मशीन लावून देणारे कारागीर) त्यांच्याकडंच गेले आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. वही मात्र अजून चालू आहे.

चौकस: श्रेय गुंतवणुकीला कशाला? मारुती 1983 ला सुरू झाली, तेव्हा सुटे भाग टप्प्याटप्प्यानं इथंच बनवायची सरकारी अट होती. नाहीतर जपानी खोकी उघडून जोडत बसलो असतो.

भोसरीकर: अटीनं भोक सरळ पडत नाही, साहेब.

चौकस: अट नसती तर ते काम तुमच्यापर्यंत आलंच नसतं.

ट्रॅफिकग्रस्त: आधी चाकण चौक ओलांडून दाखवा, मग उत्पादकता.

आकडेमोड्या: ताई, वर्षं? आणि उत्पादकता काढली कशी?

तळेगावची_मैना: 1995 ते 2015. विक्री भागिले कामगार. काही ठिकाणी कामगारांचा आकडा नव्हता, तिथं शून्य टाकलं.

आकडेमोड्या: काही?? प्रोवेसमध्ये बहुतेक कंपन्यांचा तो आकडा नसतोच! शून्यानं भागल्यावर त्या ओळी गळाल्या. किती उरल्या? कामगारांच्या आकड्याऐवजी पगारखर्च वापरा. शिवाय त्यात मुख्यतः मोठ्या कंपन्या.

भोसरीकर: म्हणजे मी नाहीच त्यात?

आकडेमोड्या: नाही. सरकारच्या कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत असाल. किती माणसं?

भोसरीकर: सात.

आकडेमोड्या: मग तिथंही नाही. वीज वापरणाऱ्या कारखान्यांनाही याहून जास्त माणसं लागतात.

तळेगावची_मैना: 212 ओळी उरल्यात 😭