समुद्रतळाचा गाळ: शितावरून भात की सुतावरून स्वर्ग?

शंकेखोर (धागाकर्ता)
परवा वाचलं की शेवटच्या हिमयुगात, म्हणजे साधारण २०,००० वर्षांमागे, खोल समुद्राच्या तळाचं पाणी जवळपास गोठायला टेकलं होतं. बरं. पण हे कळलं कशावरून, तर चिखलावरून!

पद्धत थोडक्यात अशी. तळाच्या गाळात फोरॅम नावाचे एकपेशीय जीव राहतात, वाळूच्या कणाएवढे, त्यांचं कवच चुन्याचं. पाणी जितकं थंड तितका कवचात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, जास्त. इथवर झकास. पण जमिनीवर बर्फाचे थर साठले की हलका ऑक्सिजन-१६ त्या बर्फात जास्त अडकून बसतो आणि उरलेला अख्खा समुद्रच जड होतो. मग कवच जड निघालं तर पाणी थंड झालं म्हणायचं की बर्फ वाढला म्हणायचं? आकडा एक आणि अज्ञात दोन, हे शाळेतल्या गणितातसुद्धा सुटत नाही. १९५५ मध्ये एमिलियानी या संशोधकाने बराचसा फरक तापमानाच्या खात्यात टाकला, १९६७ मध्ये शॅकल्टन हा दुसरा संशोधक म्हणाला छे, बहुतेक सगळा बर्फच. तज्ज्ञांचंच असं, आणि आपण दशांश चिन्हानंतरचे आकडे वाचून माना डोलवायच्या. माझं मत, हा सुतावरून स्वर्ग आहे. बोला.

दगडफोड्या
+१. तज्ज्ञ जे म्हणतील ते खरं, दुसरं काय.

गाळमित्र
शंकेखोर, शॅकल्टनचं उदाहरण तुम्ही तुमच्या बाजूने दिलंत खरं, पण ते तुमच्यावरच उलटतंय. तो असं म्हणाला कशावरून ते बघा ना. खोल तळाचं पाणी आजच २ अंशांच्या आसपास आहे आणि समुद्राचं पाणी गोठतं उणे १.९ ला. म्हणजे थंड व्हायला जागाच जेमतेम ४ अंशांची. ऑक्सिजन-१८ मध्ये हजारात एकाचा फरक पडायला साधारण ४ अंश लागतात, आणि हिमयुग ते आज या काळात तळाच्या कवचांतला फरक भरतो हजारात पावणेदोनच्या आसपास. आता सगळी जागा तापमानाला देऊन टाका, तरी पाऊण शिल्लक राहतोच की, तो कुठून आणणार? बर्फच. म्हणजे दोन अज्ञात असले तरी एकाला भिंत आहे, त्याच्यापलीकडे ते जाऊच शकत नाही. याला शितावरून भात म्हणतात, आणि तो बरोबर ओळखलाय.

शिवाय दुसरं शीतही आहे. गाळाच्या कणांमध्ये जे पाणी अडकून राहतं ना, त्यात हिमयुगातल्या पाण्याची खूण अजून आहे. पुसट झालीय, खालीवर पसरलीय, पण कित्येक मीटर खाली तो फुगवटा मोजता येतो. त्यावरून त्या वेळचं पाणीच किती जड होतं ते मिळालं, सुमारे हजारात एकाने. ते कवचाच्या आकड्यातून वजा करा, उरलं ते तापमान. अ‍ॅडकिन्स आणि मंडळींनी २००२ मध्ये हेच केलं आणि उत्तर आलं गोठणबिंदूच्या जवळ, वर त्याच पाण्यातल्या क्लोराइडवरून खारटपणाही काढला. आज अटलांटिकमध्ये उत्तरेकडून येणारं खोल पाणी अंटार्क्टिककडच्या पाण्यापेक्षा जास्त खारट आहे, तेव्हा उलटं होतं, दक्षिणेचं सगळ्यात खारट.

शंकेखोर
भिंतीचा मुद्दा आवडला, तो मी विचारात घेतला नव्हता, मान्य. पण गाळातल्या पाण्याचं जरा सांभाळून. ती खूण २०,००० वर्षं पसरत गेलीय, ओल्या कागदावर शाईचा थेंब पसरावा तशी. पसरलेल्या डागावरून मूळ थेंब कुठे आणि केवढा पडला ते उलट गणिताने काढायचं, आणि त्यासाठी मधल्या काळात समुद्र कसा कसा बदलला ते आधीच गृहीत धरायचं. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्शनी २०१६ मध्ये हेच दाखवलं की ते आकडे या निष्कर्षाच्या विरोधात जात नाहीत, पण हाच निष्कर्ष काढायला भागही पाडत नाहीत. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे हो.

गाळमित्र
'भाग पाडत नाही' आणि 'सुतावरून स्वर्ग' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो.

ब्रशवाली
तुम्ही दोघं समीकरणांवर भांडताय, मी दोन वर्षं ही कवचं निवडलीयेत म्हणून लिहिते. कोअरची, म्हणजे तळातून नळीने काढलेल्या गाळाच्या लांब दांड्याची, चकती कापायची, धुवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चिखल काढून टाकायचा, उरलं ते वाळवून काळ्या ट्रेमध्ये पसरायचं आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. ब्रश जरा जास्त ओला झाला की कवच चिकटून बसतं, सुटतच नाही, कोरडा राहिला की उडून जातं आणि मग शोधा. तासभर बसून पाच मिळतात कधीकधी.

आणि जात ओळखणं महत्त्वाचं. वुलरस्टॉर्फी तळाच्या वर बसते, युव्हिजेरिना गाळात थोडी आत. एकाच पाण्यातल्या दोघींच्या ऑक्सिजनमध्ये हजारात ०.६४ चा फरक धरतात. आता वरच्या हिशोबाने बघा, जात चुकली तर अडीच अंशांची चूक, पाण्यात काहीही न होता!

दुसरं म्हणजे किडे. तळाचे किडे वरचा साधारण १० सेंटिमीटर गाळ सतत घुसळत असतात. खोल समुद्रात गाळ साचतो हजार वर्षांत दोनतीन सेंटिमीटर, म्हणजे एका चकतीत तीन ते पाच हजार वर्षं एकत्र कालवलेली. शतकाशतकाचा इतिहास अशा जागेवरून सांगणाऱ्याकडे मी पण संशयानेच बघते.

अवांतर: एकदा कोअरच्या दीड मीटरच्या तुकड्यावर वर-खालीच्या खुणा उलट्या लिहिल्या गेल्या होत्या (कोणी लिहिल्या ते विचारू नका). जोडावर आलेख धाडकन उडाला तेव्हा कळलं. तोपर्यंत आमच्यात एक नवीन हवामानबदल जवळजवळ सापडला होता :)

शंकेखोर
बघा, आतल्या गोटातूनच कबुली आली.

ब्रशवाली
कबुली कसली, चूक पकडली गेली हे सांगतेय. शेजारच्या तुकड्याशी जुळलं नाही म्हणूनच पकडली गेली ना.

मॅग्नेशियमप्रेमी
कुणीच मॅग्नेशियम काढलं नाही म्हणून आलो. पाणी गरम असलं तर कवचात कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम जास्त शिरतं, बर्फाशी त्याचा संबंध नाही. दुसरं समीकरण मिळालं की दोन अज्ञात सुटतात. २००० मध्ये लिअर वगैरेंनी यावर ५ कोटी वर्षांचा तळाच्या तापमानाचा पट मांडला.

गाळमित्र
मी तुमच्याच बाजूचा, पण इथे जरा थांबा. अगदी थंड पाण्यात मॅग्नेशियम नुसत्या तापमानावर नाही, पाण्यात कार्बोनेट किती यावरही हलतं. आणि कोट्यवधी वर्षांत समुद्रातलंच मॅग्नेशियम बदललंय. दुसरं समीकरण मिळालं खरं, सोबत तिसरा अज्ञात घेऊन आलं.

शंकेखोर
हाहा, आता आपसातच जुंपली. बरं, तापमान तुम्हाला दिलं, एक अंश इकडे-तिकडे धरून. पण ऑक्सिजन? म्हणजे पाण्यात विरघळलेला. गाळात युरेनियम वाढलं की तळाला ऑक्सिजन कमी होता म्हणतात. अहो, वरून मेलेलं शेवाळ जास्त पडलं तर ते कुजण्यात गाळातला ऑक्सिजन संपतो आणि युरेनियम तसंही साचतं, मग पाण्यात भरपूर ऑक्सिजन का असेना. शिवाय नंतर कधी ऑक्सिजन खाली झिरपला तर साचलेलं युरेनियम पुन्हा विरघळून जातं. साक्षीदार खोटा नसेल, पण फितूर होणारा आहे.

ब्रशवाली
युरेनियमबद्दल सहमत, एकट्यावर मी पण विसंबत नाही. किड्यांनी अजिबात न घुसळलेले बारीक पट्टे दिसले तर मात्र वाद नको, किडे नाहीत म्हणजे ऑक्सिजन नव्हताच जवळजवळ. मधल्या पातळीसाठी दोन जातींच्या कवचांतला कार्बन-१३, म्हणजे जड कार्बन, वापरतात. वुलरस्टॉर्फी पाण्याची बातमी देते, ग्लोबोबुलिमिना गाळात खाली, ऑक्सिजन संपतो तिथे राहते. मधल्या गाळात ऑक्सिजन वापरून कुजणं चालतं, त्यातून हलका कार्बन सुटतो. म्हणून पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त तितका दोघींतला फरक मोठा. शेवाळ जास्त पडलं तर ती सीमाच वर सरकते, फरक फारसा हलत नाही.

शंकेखोर
हे मात्र भारी आहे. आणि एखाद्या चकतीत ग्लोबोबुलिमिना सापडलीच नाही तर?

ब्रशवाली
तर तिथे ठिपका नाही, आलेखात जागा रिकामी.

शंकेखोर
मग मी पाहिलेल्या आलेखांत त्या रिकाम्या जागेतून सरळ रेघ कशी काय गेलेली असते?

ब्रशवाली
सॉफ्टवेअर ओढतं :( आणि आपण पुसत नाही. हा एक तुमचा.