प्रतिसाद: गोठा गावाबाहेर न्या म्हणे
वर एका भाऊंनी लिहिलंय की शहरात गुरं ठेवायचीच कशाला, गोठा गावाबाहेर न्या. अहो भाऊ, आम्ही नाशिकच्या मखमलाबादचेच, १९८२ ला महापालिका झाली न आमचं गावच शहरात आलं, गोठा त्याच्या आधीचा. १९७६ चा कायदा आहे, शहरी भागात गुरं पाळायला लायसन लागतं, मान्य. पण ऑफिसात सातबारा दाखवला तर म्हणे झोन दाखला (जागा शेतीची, राहण्याची की कशाची ते सांगणारा) आणा, तो नेला तर शेडचा मंजूर नकाशा, आता आजोबांनी ठोकलेल्या चार खांबांचा न पत्र्याचा कसला नकाशा? शेजारच्या बिल्डिंगवाले शेणाचा वास येतो म्हणून तक्रार करतात न सकाळी तेच किटली घेऊन दारात (उधारी वेगळीच). म्हसरूळ-आडगाव साइडला कोणी लायसन काढलं असेल तर कागद कोणते लागले तेवढं टाका.