शेजारच्या माणसाचा 'नराधम' म्हणून व्हिडिओ फिरायलाय, सरकारची अशी यादी आपल्याला बघायला मिळते का? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी, जरा गंभीर विषय आहे. आमच्या नगरात एक गृहस्थ भाड्यानं राहतात, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) जुन्या केसमध्ये शिक्षा भोगून आलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. परवा इथल्या एका यूट्यूब न्यूजवाल्यानं व्हिडिओ टाकला, 'नराधम तुमच्या शेजारी! पोलीस झोपलेत का?', वर लाल गोल, बाण, ते ढॅणढॅण म्युझिक, माणसाचा फोटो, घराचं गेट, गल्लीची पाटी सगळं दाखवलंय आणि त्या केसमधली मुलगी त्याची कोण लागायची तेही सांगून टाकलंय. निवेदक म्हणतो 'सरकारच्या यादीत याचं नाव आहे'. आता नगराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रंदिवस तेच. एक म्हणतो घरमालकाला सांगून खोली रिकामी करा, दुसरा म्हणतो चार पोरं पाठवू, समजावतील. मला पाचवीतली मुलगी आहे, भीती वाटतीच, खोटं कशाला बोलू. पण अशी यादी खरंच असते का, आणि त्यानं जे दाखवलं ते चालतं का?

मधला_मारुती
दाखवलं तर काय बिघडलं ओ? मला दोन पोरी आहेत. असला माणूस शेजारी आहे हे मला कळायला नको? अमेरिकेत तर म्हणे वेबसाइटवर पत्ता टाकला की आसपासचे सगळे फोटोसकट दिसतात, आपल्याकडंच मेली लपवालपवी.

काळा_कोट
यादी आहे. राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार डेटाबेस, गृह मंत्रालयानं सप्टेंबर 2018 मध्ये सुरू केला, सांभाळते एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था. सुरुवातीलाच 4.4 लाख नोंदी होत्या, 2005 पासूनच्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे असं सगळं त्यात आहे, पण ते फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसतं, तुम्हाला मला नाही आणि त्या यूट्यूबवाल्याला तर नाहीच नाही. म्हणजे एकतर त्याला कुणी आतून माहिती दिली किंवा तो फेकतोय. माझा अंदाज दुसरा.

बाकी शिक्षा झाल्याचं सांगणं हा काही गुन्हा नाही, निकाल कोर्टाचाच असतो. घोळ पुढं आहे. पोक्सोच्या कलम 23 प्रमाणं मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, राहायचा परिसर, ओळख पटेल असं काहीही छापता दाखवता येत नाही, सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. इथं त्यानं आरोपीचा चेहरा दाखवला आणि वर नातं सांगितलं. मग पोरगी कोण हे ओळखायला भावकीला किती वेळ लागतो? ती आता मोठी झाली असंल, कदाचित सासरी असंल, तिच्या मोबाइलवरही हाच व्हिडिओ फॉरवर्ड होऊन गेला असंल. ग्रुपवर एकाला तरी तिचं सुचलं का?

डेस्कवरून_पळालेला
मी काही वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत म्हणून सांगतो, 'नराधम', 'वासनांध', 'हैवान' हे शब्द रिपोर्टर लिहीत नाही, ते वर बसलेला लावतो, कारण साध्या हेडिंगवर क्लिक येत नाही. काका, मामा, क्लासचा सर अशी केस आली की आतल्या पानावर चार ओळी, आणि अनोळखी माणूस असला की तीन दिवस धुरळा. एनसीआरबीचे दरवर्षीचे आकडे बघा, बलात्काराच्या केसेसमध्ये 90 टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीचाच असतो. पण ते दाखवलं तर बघणारा घरातच इकडंतिकडं बघायला लागतो, चॅनल बदलतो.

मधला मारुती ताई, अमेरिकेचं बरोबर आहे तुमचं, तिकडं 1996 च्या मेगन्स लॉपासून यादी लोकांना खुली आहे. पण त्याआधीचा 1994 चा कायदा ज्या पळवून नेलेल्या मुलाच्या नावानं झाला त्या जेकब वेटरलिंगची आईच नंतर म्हणायला लागली की यादी फार पसरलीय, हे जरा तपासा. आणि इंग्लंडात 2000 साली 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' पेपरनं सारा पेन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीच्या खुनानंतर फोटो आणि नावं छापायला सुरुवात केली. पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत लोक रोज रात्री घरांवर चालून जायला लागले, गाड्या जाळल्या, कुटुंबं घर सोडून गेली. मँचेस्टरमध्ये एकाच्या गळ्याला पट्टा होता, फोटोतल्या माणसालाही तसाच पट्टा, झालं, त्यालाच धरलं. वेल्समध्ये तर एका लहान मुलांच्या डॉक्टरणीच्या घरावर शिव्या रंगवल्या, का तर तिच्या हुद्द्याचा इंग्रजी शब्द 'पीडियाट्रिशियन' त्या गुन्हेगारांच्या 'पीडोफाइल' या शब्दासारखा सुरू होतो. तोच पेपर 2011 ला फोन हॅकिंगमध्ये बंद पडला आणि हॅकिंग करणाऱ्याच्या नोंदींत साराच्या आईचाही तपशील निघाला. ही यांची कळकळ.

मंगळवेढ्याची_ज्वारी
इंग्लंड कशाला, राईनपाडा विसरलात व्हय? 1 जुलै 2018, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आलीय असे व्हिडिओ महिनाभर फिरत होते, बाजारात भिक्षा मागायला गेलेल्या पाच डवरी गोसावींना लोकांनी ग्रामपंचायतीत कोंडून जिवे मारलं. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांची तर कसली केस पण नव्हती. 'चार पोरं पाठवू, समजावतील' म्हणणाऱ्याचा नंबर आधी ग्रुपमधून काढा. समजावायला चार लागत नाहीत.

मधला_मारुती
बरं बाई, पटलं थोडं. त्या पोरीचं मला खरंच सुचलं नव्हतं. पण मग आम्ही हातावर हात ठेवून बसायचं काय? तो माणूस गल्लीत आहेच ना.

काळा_कोट
बसू नका. शंका असली तर पोलीस ठाण्यात जाऊन सांगा, त्यांना डेटाबेस बघता येतो, गल्लीवर लक्ष ठेवता येतं. काही घडल्याचं कळलं तर 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112, आणि कळूनही गप्प बसणं हा पोक्सोत स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 19 आणि 21 वाचा. माझ्याकडं येणाऱ्या घरातल्या केसेस महिना महिना दाबलेल्या असतात, 'घरची इज्जत' म्हणून. तेच घरवाले असल्या व्हिडिओखाली 'फाशी द्या' लिहितात, मी बघितलंय.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे आभार. अॅडमिनशी बोललो, व्हिडिओ ग्रुपवरून काढला, ते 'चार पोरं'वालं पण डिलीट करायला लावलं, तो रुसलाय, रुसू दे. यूट्यूबला रिपोर्ट केलंय, अजून काही झालं नाही, दोन लाख व्ह्यूज झालेत. पोलीस ठाण्यात आम्ही दोघंतिघं उद्या जातोय. बायको म्हणाली, तिथं जाताच आहात तर शाळेच्या व्हॅनवाल्याचं आणि ट्यूशनवाल्या सरांचं व्हेरिफिकेशन झालंय का तेही विचारा, आणि खरं सांगू, हे दोन वर्षांत आम्ही विचारलंच नव्हतं. वकीलसाहेब, ते आम्हाला करून घेता येतं का?

काळा_कोट
येतं. शाळेला लेखी पत्र द्या, व्हॅनचा चालक आणि मदतनीस दोघांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र दाखवा म्हणून. ट्यूशनवाल्यांना तुम्हीच सांगा, अर्ज ऑनलाइन होतो. आणि पत्राची पोच घ्या, नाहीतर 'बघतो' म्हणतील आणि दिवाळी उजाडंल.