शक्तिमूर्ती, भारलेली मूर्ती की सरळ 'बुटी'?

शब्दवेल : काँगोतल्या टेके लोकांच्या लाकडी मूर्तींवरचा मजकूर मराठीत करते आहे. 'शक्तिमूर्ती' लिहिलं की आपल्या वाचकापुढे देवी उभी राहते. या तर पूर्वजांशी जोडलेल्या रक्षक मूर्ती. पर्याय सुचवा.

भूर्जपत्र : 'भारलेली मूर्ती'. मराठीत राख भारतात, लिंबू भारतात. सरळ आहे.

कारागीर : भारायला मंत्र पुरतो, इथे ऐवज लागतो. मूर्तीच्या पोटात खोबण कोरलेली असते. तिच्यात न्गांगा, म्हणजे त्यांचा जाणता, पांढरी माती, केस, नखं, झाडपाला असं भरून वरून राळेसारख्या चिकट लगद्याने बंद करतो. ती माती म्हणजे पूर्वजांची हाडं, असं मानतात. या ऐवजाला 'बोंगा' म्हणतात; तो असेल तरच मूर्ती 'बुटी'. म्हणून गालांवरच्या उभ्या समांतर रेघा आणि दाढी नेटकी, धड मात्र ओबडधोबड. धड झाकलंच जाणार असतं.

रानवाट : बोंगा! संथाळीत बोंगा म्हणजे दैवत. मूळ एकच असणार.

कारागीर : संथाळी मुंडा कुळातली, टेके बांटू कुळातली. नुसत्या ध्वनिसाम्यावर नातं जुळत नाही.

भूर्जपत्र : मग 'ताईत' घ्या. त्यातही आत काही बंद केलेलं असतं.

शब्दवेल : ताईत अंगावर बांधतात, ही घरात उभी असते. आणि ताइताला चेहरा नसतो.

रानवाट : देवघरातल्या टाकांना असतो. पूर्वजांचेही टाक असतात.

कारागीर : टाक पत्र्याचा, आत काही भरत नाहीत. भरणं सुटलं की अर्थच सुटतो. संग्रहालयांत रिकाम्या पोटाच्या मूर्ती दिसतात, आणि पाहणारा ती खोबण म्हणजे मोडतोड समजतो. ऐवज काढलेला असतो. टेके माणसाच्या लेखी मग उरतं ते लाकूड. आणि खिळे ठोकलेली मूर्ती दिसली तर ती बहुधा शेजारच्या 'काँगो' याच नावाच्या जमातीची. तिला बुटी म्हणू नका.

भूर्जपत्र : 'बुटी' लिहिलंत तर लोक जडीबुटी वाचतील. परभाषेतला शब्द घेण्यापेक्षा 'ऐवजमूर्ती' घडवा.

रानवाट : ऐवज म्हणजे दागदागिने! चोरीच्या बातमीतला शब्द तो.

भूर्जपत्र : ऐवज अरबीतून आला. 'इवज', म्हणजे मोबदला. दागिन्यांवर तो नंतर गेला.

रानवाट : मग परभाषेतला शब्द नको म्हणता, तो हा कसा चालतो?