मुलांचा बीएमआय : 'पर्सेंटाइल'ला मराठीत काय म्हणायचं?

(बेळगावाकडच्या चौघांचं बोलणं, नावांच्या जागी गावं.)

खानापूर : शाळेतल्या तपासणीचं कार्ड आलंय. कन्नडमधलं 'एत्तर' म्हणजे उंची, 'तूक' म्हणजे वजन, इथपर्यंत ठीक. खाली बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २० आणि पर्सेंटाइल ९८. पोरगा सहा वर्षांचा. सासूबाई म्हणूलालेत, "शंभरात अठ्ठ्याण्णव! पेढे वाटा की!"

टिळकवाडी : पेढे राहूदेत वैनी. ते टक्के नव्हेत. संख्याशास्त्रात 'शतमक' असा शब्द आहे, तोच हा. त्याच वयाचे शंभर मुलगे बीएमआयच्या चढत्या क्रमानं उभे केले, तर अठ्ठ्याण्णव जण तुमच्या पोराच्या मागं, म्हणजे कमी बीएमआयचे येतील. आणि हे शंभर म्हणजे त्याचा वर्ग नव्हे, संदर्भासाठी आधीच मोजून ठेवलेली मुलं. अमेरिकी तक्त्यात ८५ ते ९५ म्हणजे वजन जास्त, ९५ पासून पुढं लठ्ठपणा.

निपाणी : पण आमच्या सतरा वर्षांच्या पोरीचाही २०च आलाय. डॉक्टर म्हणाले, छान आहे.

टिळकवाडी : बरोबरच म्हणाले. सूत्र एकच : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ११५ सेंटिमीटर नि साडेसव्वीस किलो, उत्तर २०. १६० सेंटिमीटर नि ५१ किलो, तरी जवळपास २०च. पण तान्हेपण सरलं की बीएमआय उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास सगळ्यात खाली असतो आणि मग वयात येईपर्यंत चढतो. म्हणून सहाव्या वर्षी २० जास्त, सतराव्या वर्षी नेहमीचा. मोठ्यांचे १८.५ (याखाली वजन कमी) आणि २५ (इथून पुढं जास्त) हे आकडे पोरांना लावायचे नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते ५ ते १८ वर्षांसाठी आहेत, मुलगे-मुली वेगळे. त्यात वजन जास्त आणि लठ्ठपणा यांसाठी मोठ्यांच्या २३ आणि २७ला जुळणाऱ्या रेषा वयाप्रमाणे काढल्यात.

शहापूर : बीएमआयला पुस्तकात 'शरीर वस्तुमान निर्देशांक' म्हणतात. दवाखान्यात कुणाच्या तोंडी ऐकला नाही बघा. बीएमआय हे नावही तसं अलीकडचं, १९७२चं. सूत्र मात्र एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं.

खानापूर : मग आता 'लठ्ठ' म्हणायचं काय पोराला? घरात सगळे 'गुटगुटीत' म्हणतात.

टिळकवाडी : त्याच्या तोंडावर दोन्ही नकोत. बीएमआयला चरबी आणि स्नायू वेगळे कळत नाहीत, तालमीतल्या पोराचाही जास्त येतो. कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं जावा, मागच्या वर्षीची उंची-वजनं असतील तर तीही न्या. रेषा कुठल्या बाजूला चाललीय, ते एका आकड्यावरून दिसत नाही.