कॉफी मशीन कुठलं घ्यावं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, इंदूर

बी-३०४: नमस्कार मंडळी. घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं चाललंय. बजेट तीस हजार. शिवाय डिसेंबरात आम्ही जानापावच्या डोंगरावर तंबू घेऊन जातो, तिथेही चालेल असं असेल तर फारच छान. एक २० बारचं दिसतंय, दुसरं १५ बारचं. २० वालंच घ्यावं ना?

ए-१०२: काय भिया, पोह्यांबरोबर आता कॉफी? 😄

सी-५०३: बारच्या आकड्यावर जाऊ नका. एस्प्रेसो निघताना कॉफीवर ९ बारच्या आसपास दाब लागतो. डब्यावर छापलेले १५ नि २० म्हणजे पंप फार तर किती जोर लावू शकतो ते. आणि ग्राइंडरचं काहीच लिहिलं नाहीत. तीस हजारांत तो धरलाय का?

बी-३०४: नाही ताई. मिक्सर आहे की घरात. चटणीचं भांडं चालेल ना?

सी-५०३: नाही चालणार. मिक्सरच्या पात्याने दाणे नुसते फुटतात, काही पीठ, काही जाडा रवा. मग गरम पाणी दाबाखाली मोकळी वाट शोधतं, रवा असेल तिथून भसकन पळतं, पिठात अडकून बसतं. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं, आणि आपण मशीनला शिव्या देतो. एस्प्रेसोला बर ग्राइंडरच हवा. त्यात दोन दातेरी भाग असतात आणि मधली फट कमी-जास्त करता येते. माझं स्पष्ट मत: आधी ग्राइंडर, उरलेल्या पैशांत मशीन.

ए-१०२: म्हणजे दळणाचा खर्च गिरणीपेक्षा जास्त!

सी-५०३: 😀 तसंच समजा. स्टीलच्या बरचा हातग्राइंडर घेतलात तर घरी आणि जानापावला तोच चालेल. फक्त चकती फिरवताना एका क्लिकला फट किती सरकते ते बघून घ्या. स्वस्तातले हातग्राइंडर बारीक दळतात, पण क्लिक मोठी असते. एका क्लिकवर कॉफी १५ सेकंदांत धो धो येते, पुढच्या क्लिकवर थेंब-थेंब. तुम्हाला हवं असतं ते नेमकं दोन्हींच्या मध्ये, आणि तिथे थांबताच येत नाही. 'एस्प्रेसोसाठी' असं सांगून विकतात त्यांची पावलं बारीक असतात.

बी-३०४: 'हवं ते' म्हणजे किती?

सी-५०३: सुरुवातीला १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. लवकर उतरली तर बारीक दळा, अडली तर जाड. मग चवीनुसार. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा मात्र लागेल.

बी-२०१ (काका): छान, म्हणजे सराफ्यात रात्री खायला जातोच, आता काट्यासाठी दिवसाही जायला निमित्त मिळालं.

बी-३०४: 😂 मशीनमध्ये काय बघू?

सी-५०३: पूड भरायची जाळी. बहुतेक स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची जाळी येते. तिला खाली एकच बारीक भोक असतं, त्यामुळे कशीही पूड घातली तरी फेस येतो. दिसायला झकास, चवीला काही नाही. साधी एकेरी जाळी बसते का ते विचारा. जाळी बसवायचा दांडा (पोर्टाफिल्टर) ५८ मिमीचा असेल तर सुटे भाग सहज मिळतात. ५१ आणि ५४ वाल्या मशीनही चांगल्या असतात, पण पूड दाबायचा टॅम्पर त्याच मापाचा घ्यावा लागतो. सर्व्हिस इंदूरात होते का तेही आधीच विचारा. माझ्या भावाचं मशीन एका रबरी रिंगेसाठी मुंबईला गेलं होतं.

ए-४०२ (सेक्रेटरी): १३००-१५०० वॅटचं मशीन असेल तर १६ अँपिअरच्या प्लगवरच लावा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवून बघू नका, प्लीज.

बी-२०१ (काका): आणि बोअरचं पाणी मुळीच घालू नका. आपल्या किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो ना, तोच मशीनच्या नळीत बसेल. नर्मदेचं पाणी गाळून किंवा आरओचं वापरा. अधूनमधून खमणात घालतो ते सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून फिरवायचं. पण कंपनी चालेल म्हणत असेल तरच.

सी-२०२ (काकू): माझ्याकडे मद्रासी फिल्टरची पूड आहे, चिकोरीवाली. ती चालेल का रे यात?

सी-५०३: नको काकू, चिकोरी ओली झाली की चिकट होते, जाळी तुंबते. ती फिल्टरमध्येच छान लागते. मशीनला नुसते दाणे आणा, चिकमगळूरचे किंवा अराकूचे. पाकिटावर भाजल्याची तारीख असेलच असे. आठवडाभराने उघडा, महिन्यात संपवा.

बी-३०४: आणि जानापाव?

सी-५०३: हाताने पंप मारायचे छोटे एस्प्रेसो मेकर मिळतात, पिकोप्रेसोसारखे. वीज लागत नाही, गरम पाणी ओता नि दाबा. १८ ग्रॅम पूड मावते. पण धातू गार असेल तर कॉफी आंबट येते, म्हणून आधी उकळतं पाणी घालून ते तापवायचं. जानापाव साडेआठशे मीटरच्या आसपास उंच, तिथे पाणी ९७ अंशांच्या जवळपासच उकळतं. तेव्हा उकळी फुटली की लगेच ओता, निवू देऊ नका. थंडीत स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा करायला विसरू नका, नाहीतर उकळीच येणार नाही.

ए-१०२: दहा जणांना पाजायची असेल तर? एकेक कप दाबत बसणार?

सी-५०३: मग मोका पॉट, म्हणजे स्टोव्हवर ठेवायचं कॉफीचं भांडं. १९३३ साली इटलीत निघाला, पुढे तिथे घरोघरी पोचला. दाब जेमतेम एक-दोन बार, त्यामुळे ती एस्प्रेसो नव्हे, पण दूध घातलं की कुणी तक्रार करणार नाही. पूड एस्प्रेसोपेक्षा जरा जाड, आणि दाबून भरायची नाही.

सी-२०२ (काकू): मोका पॉट माझ्याकडे पडून आहे, मुलीने आणला होता. इंडक्शनवर तापत नाही म्हणून वर ठेवून दिला. तू घेऊन जा.

बी-३०४: अरे वा काकू! मग आत्ता ग्राइंडर आणि काटाच मागवतो. मशीन उन्हाळ्यानंतर बघू.

सी-५०३: 👍 ग्राइंडर आला की थोडे जुने दाणे दळून फेकून द्या, पात्यांची धूळ निघते.

सी-२०२ (काकू): संध्याकाळी सातनंतर ये. आतली रबराची रिंग कडक झाली आहे, तीही त्याच ऑर्डरमध्ये मागव.