दगड ओळखायला मदत हवी, जांभा नक्की कुठल्या गटात?

मालवणची_आई
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, तिला सुट्टीत दगड गोळा करून अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे तीन डबे करायचेत. पाच जमलेत. एक करूळ घाटातला काळा, जड. दुसरा पण काळाच पण हातात धरला की त्याहून जड लागतो, तो रेडीच्या आत्याने दिला. तिसरा परसातला जांभा (घराच्या चिऱ्यांचा तांबडा दगड). चौथा सावंतवाडीकडचा पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, उन्हात चमकतो. पाचवा किनाऱ्यावरचा, वाळू नि शिंपल्यांचे तुकडे चिकटून घट्ट झालेला, आमच्याकडे करळ म्हणतात. दोन्ही काळे तिने एकाच डब्यात टाकले आणि जांभ्यावरून काल घरात वाद झाला, क्लासचे सर म्हणतात स्तरित, आजोबा म्हणतात काळ्या कातळाचाच जांभा होतो. बरोबर कोण?

कातळवाट
ताई, आजोबा बरोबर आहेत.

आधी काळे दोन. रंगावर जाऊ नका, बाहेरचा रंग पाऊस-पाण्याने बदललेला असतो, म्हणून दगड गोणपाटात गुंडाळून फोडा (डोळे सांभाळून) आणि आतला ताजा भाग बघा. मग बाथरूमच्या टाइलची मागची, न चकाकणारी बाजू घ्या आणि दगड तिच्यावर घासा. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत, तुमचा दगड हेमॅटाइट असेल तर वरून काळा दिसला तरी रेघ लालसर तपकिरी उठेल. करूळचा काळा म्हणजे बेसॉल्ट, त्याची तशी उठत नाही. वजनाचं म्हणाल तर बेसॉल्ट पाण्याच्या साधारण तिप्पट जड, हेमॅटाइट पाचपट. म्हणून हाताला फरक कळला. बेसॉल्ट अग्निज, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

पट्टेवाला बहुतेक नाइस, म्हणजे रूपांतरित. दक्षिण सिंधुदुर्गात लाव्ह्याचे थर पातळ होत संपतात आणि खालचा कितीतरी जुना खडक वर दिसतो. ग्रॅनाइटमध्ये दाणे कसेही विखुरलेले असतात, नाइसमध्ये ते पट्ट्यात लागलेले असतात, भिंगातून दाखवा तिला, बघायला मजा येते.

करळाचा थोडा भुगा करून व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुना आहे. शिंपल्यातला चुना विरघळून परत साकळतो आणि वाळूला धरून ठेवतो. हा स्तरित.

सड्यावरला
जांभ्याबद्दल मी सांगतो, आमची चिरेखाण आहे. तीन डब्यांपैकी एकातही तो नीट बसत नाही, आणि यात मुलीची चूक नाही. तो लाव्ह्यापासून सरळ झालेला नाही नि कुठून वाहून येऊन साचलेला पण नाही. गरम हवा, धो धो पाऊस, मग कोरडे महिने, हे लाखो वर्षं चाललं की मूळ खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातं आणि लोह नि ॲल्युमिनियम जागेवर उरतं, लोहाने तो लाल होतो. आपल्याकडे मूळ खडक बरेच ठिकाणी बेसॉल्टच. काही जण याला अवशिष्ट खडक म्हणतात. वहीत चौथा कोपरा करायला लावा, कारण लिहिलं की झालं.

खाणीत चिरा काढताना ओला असतो तोवर सोपा कापला जातो, वाऱ्याला ठेवला की कडक होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात हे बघून 1807 साली छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आपले लोक त्याच्या किती आधीपासून घरं बांधत होते! रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं पण याच जांभ्याच्या सड्यावर (सपाट कातळाच्या माळावर) कोरलेली आहेत, जमलं तर मुलीला दाखवून आणा.

मालवणची_आई
खूप आभार. टाइल घासली, आत्याचा दगड रेघ ओढतो, लाल-तपकिरी! करूळच्याची फिकट राखाडी. करळावर बुडबुडे पण आले, लेक ओरडलीच. फक्त एक, तो हेमॅटाइट कुठल्या डब्यात?

कातळवाट
समुद्रात साचलेल्या लोहाच्या थरांचं पुढे उष्णता नि दाबाने रूपांतर झालं, तिथलं ते खनिज. रूपांतरितमध्येच ठेवा आणि बाजूला 'लोहखनिज' लिहा.

मालवणची_आई
ठेवला. आजोबांनी जांभ्याचा चौथा डबा स्वतः चिकटवून दिला.